बावन्न दिवसांची बाग

शाळेत मला एकाच प्रश्नात पैकीच्या पैकी मार्क पडायचे, 'रिकाम्या जागा भरा'. निबंधात माझी गाडी तिसऱ्या वाक्याला रुतायची आणि गणिताच्या बाई माझी वही बघून नुसताच सुस्कारा सोडायच्या. पण कंसातला योग्य शब्द उचलून रेघेवर ठेवायचा म्हटलं की माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढे नोकरीही नेमकी तशीच मिळाली. सतरा-अठरा वर्षं मी नाशिकमध्ये एका द्राक्ष सल्लागारांच्या ऑफिसात पत्रांतल्या रिकाम्या जागा भरल्या. फरक एवढाच, की त्या मी स्वतः न भरता कॉम्प्युटरकडून भरून घ्यायचे, आणि त्याचा पगार मात्र मी घ्यायचे.

हे काम काय असतं ते घरी कुणालाच कधी कळलं नाही. नवरा सांगायचा, "ही टायपिंग करते." सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून द्राक्षांची डॉक्टर आहे." खरं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होतं, आणि शेजारणींचा ओढा सासूबाईंच्या बाजूने असल्यामुळे गॅलरीतल्या कढीपत्त्यावरची कीड मला दाखवायला बायका यायच्या. मी गंभीर चेहऱ्याने पान उलटंपालटं करून "पाणी कमी घाला" म्हणायचे. बहुतेक रोगांना तो सल्ला चालतो.

आमच्या सरांचं ऑफिस गंगापूर रोडला, दोन खोल्यांचं. सर शेतकी पदवीधर, दिवसभर जीपने बागा बघत फिरायचे. ऑफिसात मी, फोन आणि कॉम्प्युटर. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि कॉम्प्युटरवर अजून रोज कापडी खोळ चढवली जायची.

द्राक्षबागेचं एक सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. वेल दहा वर्षांचा असो की बारा, बागेचं वय मोजतात ते फळछाटणीच्या दिवसापासून. निफाडकडे दोन बागाईतदार भेटले की मुलाबाळांची चौकशी नंतर, आधी "किती दिवसांची झाली?" समोरचाही क्षणभर न थांबता "सदतीस" म्हणून मोकळा होतो. कोणतं औषध, किती, केव्हा, हे सगळं त्या आकड्यावर ठरतं. पूर्वी सर सगळ्यांना एकच छापील पत्रक पाठवायचे. बाग वीस दिवसांची असेल तर हे करा, चाळीसची असेल तर ते करा. शेतकरी पत्रक वाचायचा, बागेत जाऊन घड बघायचा आणि आपल्याला लागू पडेल तेवढं घ्यायचा.

मग सरांच्या मनात आलं, की प्रत्येकाला स्वतःचं पत्र गेलं पाहिजे. त्याचं नाव, त्याच्या बागेचे दिवस, त्याच्या एकरांना लागेल एवढं पाणी आणि औषध. नव्वद शेतकरी, दर आठवड्याला नव्वद वेगळी पत्रं. सर म्हणाले, "बाई, कॉम्प्युटर आहे ना?" कॉम्प्युटर होता. मला तो येत नव्हता, हा भाग सरांनी विचारला नाही आणि मी सांगितला नाही.

मी कॉलेज रोडच्या एका क्लासला जाऊन पर्ल नावाची भाषा शिकले. म्हणजे क्लासमध्ये दुसरंच काहीतरी शिकवत होते, पण मास्तरांकडे पर्लच्या झेरॉक्स नोट्स होत्या आणि पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की या भाषेत मजकुराच्या मधोमध आकड्याचं नुसतं नाव लिहिलं की तिथे आपोआप किंमत येऊन बसते. माझ्या शालेय कर्तृत्वाला साजेशी भाषा सापडली म्हणून मला भरून आलं.

ते असं असतं. आपण एक वाक्य लिहायचं, 'तुमची बाग आज अमुक दिवसांची झाली.' अमुकच्या जागी डॉलरचं चिन्ह टाकून इंग्रजीत 'दिवस' लिहायचं. वर एका ओळीत सांगून ठेवायचं, की दिवस म्हणजे आजची तारीख वजा छाटणीची तारीख. कॉम्प्युटर वजाबाकी करतो आणि उत्तर वाक्यात बसवतो. फक्त वाक्याला दुहेरी अवतरणचिन्हं हवीत. एकेरी दिली तर तो वाक्याला हातच लावत नाही, जसंच्या तसं छापतो.

हे मला नोट्समधून नाही कळलं, पोस्टातून कळलं. पहिल्याच आठवड्यात मी एकेरी चिन्हं दिली. छापताना मराठी अक्षरांचा फॉन्ट होता, त्यामुळे नावाच्या जागची इंग्रजी अक्षरं मराठीतली काहीबाही जोडाक्षरं होऊन उमटली. नव्वद पाकिटांवर हाताने लिहिलेले पत्ते बरोबर आणि आत सगळ्यांना एकाच, उच्चारता न येणाऱ्या गृहस्थांच्या नावाने नमस्कार. मी वाचून बघितलं नव्हतं, असं नाही. मला वाटलं, असेल एखादं आडनाव. तिसऱ्या दिवशी पिंपळगावहून एका शेतकऱ्याचा फोन आला. "ताई, या साहेबांचं पत्र चुकून माझ्याकडं आलंय. माझं त्यांच्याकडं गेलं आसंल. त्यांचा पत्ता द्या, मी बदलून घेतो."

या नव्वदांत एक पगारेकाका होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला तीस वर्षं ऑपरेटर. निवृत्त झाल्यावर निफाडजवळच्या गावी वडिलांची दोन एकर जमीन होती, तिथे त्यांनी द्राक्षं लावली. गावातले म्हणाले, हे नोकरीवाल्याचं काम नाही. भावकीतले तर शेजारच्या बांधावर बसून मजा बघत होते. त्यामुळे पहिलं पीक चांगलं येणं हा काकांच्या दृष्टीने द्राक्षांपुरता प्रश्न राहिला नव्हता. बोलून ते दाखवत नसत. ऑफिसात यायचे ते इस्त्रीच्या शर्टात, काखेत लांब लॉगबुक. "जय भीम ताई" म्हणून बसायचे आणि बागेत आठवडाभरात काय काय केलं ते वेळेसकट वाचून दाखवायचे.

एकदा आमच्या पत्रात होतं, फवारणी सकाळी सात ते नऊ या वेळेत करावी. नऊ वाजता पगारेकाकांनी पंप बंद केला. तीन रांगा राहिल्या होत्या. ते सायकलवर दुकानाच्या फोनपर्यंत आले आणि मला विचारलं, "उरलेल्या तीन रांगांना परवानगी आहे का?" मी हसू दाबून परवानगी दिली. फोन ठेवल्यावर मी ही गोष्ट सरांना रंगवून सांगितली, घरी सांगितली, भिशीत सांगितली. माझ्या शब्दावर पंप बंद करणारा माणूस आहे, याची मला गंमत वाटली. धास्ती वाटायला हवी होती, पण तेवढी अक्कल तेव्हा नव्हती.

पुढच्या हंगामात मला टापटिपीची हुक्की आली. माझी आज्ञावली, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचना, फार लांबली होती. तिच्यात एक चक्र असतं. यादीतला एक शेतकरी घ्यायचा, त्याचे दिवस काढायचे, पत्र लिहायचं, छापायचं. मग दुसरा घ्यायचा. पत्राचा मधला मोठा परिच्छेद त्या चक्रात बसला होता आणि मला तो बघवत नव्हता. स्वयंपाकघरात मोठं पातेलं मध्येच पडलेलं असावं तसा. मी तो उचलून चक्राच्या बाहेर, वर नेऊन ठेवला. वरच्या बाजूला तपासणीसाठी म्हणून मी एकाच शेतकऱ्याची माहिती ठेवली होती. चांदवडकडचे बागाईतदार, लवकर छाटणारे, त्यांची बाग बावन्न दिवसांची. छापून बघितलं, त्यांचं पत्र झकास आलं. मग खालचं चक्र सुरू केलं आणि नव्वद पत्रं काढली.

आता गोम अशी, की कॉम्प्युटर रिकामी जागा भरतो ती ते वाक्य वाचतो त्या क्षणी. एकदा भरली की संपलं. करंजीत सारण भरून कड कातली, की नंतर वाटीतलं सारण बदलून आतलं बदलत नाही, तसं. माझा परिच्छेद वरच वाचला गेला, वरच बावन्न दिवसांनी भरला गेला आणि तोच खाली नव्वद जणांना वाटला गेला. नाव आणि पत्ता मात्र चक्राच्या आत होता, म्हणून ज्याचं त्याचं नाव अगदी बिनचूक आलं. मी वरवर चाळून पाकिटं बंद केली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझ्या बाबतीत बैल दुसऱ्याचे होते.

दोन दिवसांनी सकाळी फोन सुरू झाले. जुने शेतकरी मजेत होते. "ताई, माझी बाग पंचवीस दिवसाची हाय. तुमच्या पत्रात बावन्नची झाली. लय पाणी पाजलं का तुमच्या कॉम्प्युटरनं?" मी प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत होते, "कॉम्प्युटरची चूक झाली, दुर्लक्ष करा." ते हसून फोन ठेवत होते. त्यांनी पत्र वाचून आधी घड बघितले होते. मीही हसत होते. यादीवर खुणा करत करत मी खाली आले आणि पगारेकाकांच्या नावापाशी हात थांबला.

बावन्न दिवसांच्या बागेला काय करतात, तर घड जीएच्या पाण्यात बुडवतात. जीए हे मणी फुगवायचं औषध. मजूर बाया हातात डबा घेऊन एकेक घड त्यात बुडवत जातात, त्याला डिपिंग म्हणतात. पण त्यासाठी मणी धरलेले हवेत. पगारेकाकांची बाग होती अठ्ठावीस दिवसांची, अजून फुलोऱ्यातही आली नव्हती. त्या वेळी ते कडक पाणी घडाला लागलं, तर मणी धरायचेच नीट धरत नाहीत. नुसता देठ लांबतो. म्हणजे माणसाचं वर्ष गेलं.

मी त्यांच्या गावच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "पगारे आन्ना? ते सकाळीच बाया घेऊन गेले. डिपिंग हाय म्हने." मी म्हटलं, धावत जा आणि थांबवा. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "सांगितलं ताई. ते म्हनले, लेखी आनायला सांगा."

सर जीपने दिंडोरीकडे गेलेले, कुठल्या बागेत असतील ते देव जाणे. मी तो परिच्छेद परत चक्राच्या आत ढकलला. दोन मिनिटांचं काम, पण घाईत दोनदा चुकले. पगारेकाकांचं नवं पत्र छापलं, अठ्ठावीस दिवसांचं, आणि पर्समध्ये घालून निफाडची एसटी धरली. पुढे काळीपिवळीने फाट्यापर्यंत, आणि तिथून ढेकळांतून चालत. साडी घोट्याच्या वर धरून चालताना मला दुपारच्या जेवणाचा डबा ऑफिसातच राहिल्याचं आठवलं, आणि अशा वेळी आपल्याला डबा आठवतो याची लाज वाटली.

बागेत आठ-दहा बाया होत्या. चार रांगा झाल्या होत्या, पाचवीला हात लागणार होता. पगारेकाका रांगेच्या तोंडाशी लॉगबुक घेऊन उभे. काकू डोक्यावरून पदर घेऊन बांधावर बसल्या होत्या, त्या मला बघून उठल्या.

"थांबवा," मी धापा टाकत म्हटलं, "पत्र चुकलंय. हे घ्या बरोबर पत्र."

काकांनी हात वर करून बायांना थांबवलं. नवं पत्र घेतलं. खिशातून जुनं काढलं. दोन्ही शेजारी धरून ओळीओळीने वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ताई, दोन्हीवर माझं नाव आहे. दोन्ही तुमच्याच मशीनवर छापलेली. यातलं कोणतं खरं मानू?"

मी त्यांनाच विचारलं, "काका, तुम्ही रोज लॉग लिहिता. तुमच्या हिशोबाने बाग किती दिवसांची?"

"अठ्ठावीस."

"मग?"

"मग वाटलं, माझं चुकत असेल. तुमचा कॉम्प्युटर ऊन, पाणी, असलं काय काय धरत असेल, आपल्याला न कळणारं. तीस वर्षं मी मीटर बघून काम केलं ताई. डोळ्याला काही दिसो, मीटर सांगेल ते खरं."

"म्या सकाळपून सांगत व्हते," काकू म्हणाल्या, "आजून फूल बी उमललं नाय, कशाला बुडवतासा. तर म्हनले, कागदावर नाव हाय माझं."

"होतंच," काका म्हणाले. "पूर्वीचं पत्रक असतं तर मी घड बघितले असते. त्याच्यावर कुणाचंच नाव नसायचं. याच्यावर माझं होतं."

मला तिथे रडू आलं. एवढ्या बायांसमोर, काही आडपडदा न ठेवता. नाव बिनचूक छापायचा मला केवढा अभिमान होता. पहिल्या वर्षी त्या उच्चारता न येणाऱ्या गृहस्थांना पत्र गेलं, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. सगळे शहाणपणाने आपापल्या बागेत गेले होते. मी नीट काम शिकले आणि या माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर आणि बायकोच्या बोलण्यावर विश्वास ठेवणं सोडलं.

पदराने तोंड पुसून मी म्हटलं, "कॉम्प्युटरची चूक झाली, काका."

"मशीनची चूक नसते." ते रागावले नव्हते, नवख्या माणसाला समजावतात तसं सांगत होते. "एकलहऱ्याला युनिट बंद पडलं, तर लॉगमध्ये मशीन बंद पडलं एवढं लिहून चालायचं नाही. कुणाच्या हातून काय झालं, ते नावानिशी लिहावं लागतं. तेव्हाच पुढचा माणूस स्विचला हात लावतो." त्यांनी लॉगबुक उघडून माझ्यासमोर धरलं आणि पेन दिलं. "तोंडी सांगण्यावर मी काम बंद करत नाही. छापील दोन आहेत, ती एकमेकांना खोटं पाडतात. तुम्ही हाताने लिहा."

बाया डबे घेऊन उभ्या होत्या. मी बांधावर बसले, लॉगबुक मांडीवर घेतलं. आधी छाटणीच्या तारखेपासून बोटांची पेरं मोजली. काकूंनी त्यांच्या बोटांवर मोजली. दोघींचे अठ्ठावीस आले. मग लिहिलं, की बाग आज अठ्ठावीस दिवसांची आहे, डिपिंग करू नये, बावन्न दिवसांचं पत्र चुकीचं आहे. काका वाचत उभे होते.

"कुणाच्या हातून?" त्यांनी विचारलं.

मी लिहिलं, 'माझ्या हातून,' आणि खाली सही केली. त्यांनी सहीखाली माझं नाव सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहायला लावलं, घड्याळ बघून वेळ टाकली, आणि मगच डब्यांमधलं पाणी बांधापलीकडे ओतायला सांगितलं.

संध्याकाळी सर आल्यावर मी सगळं सांगितलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं, ती राहिली. बहुधा दुसऱ्या कुणाला ती आज्ञावली वाचता आली नसती म्हणून. तेव्हापासून पत्राच्या शेवटी एक वाक्य कायम गेलं, की आधी घड बघा, मग पत्र वाचा. पुढच्या दशकात पत्रांची जागा मोबाइलच्या मेसेजने घेतली, भाषा बदलली, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार मुली ऑफिसात आल्या. त्यांनी ते वाक्य जुनाट म्हणून काढायला बघितलं. त्या एका बाबतीत मी खाष्ट म्हातारी झाले आणि काढू दिलं नाही.

त्या वर्षी पगारेकाकांची बाकीची बाग चांगली आली. बांधावर बसणाऱ्या भावकीनेच येऊन पेट्या भरायला हात लावला, असं मला नंतर कळलं. हंगाम संपत आला असताना काका एका सकाळी ऑफिसात आले. पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्या टेबलावर उलगडली. आत एक घड होता. देठ वीतभर लांब, आणि त्याला बाजरीपासून हरभऱ्यापर्यंत कुठल्याही मापाचे मणी, मध्ये मोकळ्या जागा.

"त्या चार रांगांतला," काका म्हणाले. "बाजारात चालला नाही. काकूनं तुमच्यासाठी ठेवला होता. खाऊन बघा."

मी एक मणी तोंडात टाकला. आंबट निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. तो चांगला गोड होता. काका समोरच्या खुर्चीत बसले. फोन वाजला, तो मी वाजू दिला. देठ मोकळा होईपर्यंत मी तो घड खाल्ला आणि मगच ते जायला उठले.